हेमाताईंची अमेरातची वाडी

मस्कतमधल्या माझ्या सगळ्या वर्षांत मी ज्या माणसावर सगळ्यात जास्त चिडले, ते माणूस म्हणजे हेमाताई राऊत. माझ्या नवऱ्याचा नंबर दुसरा. पहिला नंबर गेल्याचं आपल्याला अजिबात दुःख नाही, असं तो अजूनही येईल त्याला सांगतो.

हेमाताई आमच्या बौशरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायच्या. आमची ओळख झाली तेव्हा मी मस्कतला नवी होते आणि जून महिना होता. सांगलीहून आईचा फोन आला, की इकडे पेरण्यांची गडबड सुरू झालीय, तूही बाल्कनीत चार कुंड्यांत काहीतरी लाव, तेवढंच मन रमेल. मन रमवायची मला खरोखर गरज होती. नोकरी मिळाली नव्हती, आणि दुपारी दार उघडलं तरी तोंडावर भट्टीचा झोत यायचा. मग मी मेथी पेरली, धणे रगडून टाकले, काकडीच्या बिया खोचल्या, आणि मोठ्या कौतुकानं पाणी घालत होते तेवढ्यात वरून आवाज आला.

"कोणाला विचारून पेरलंस गं?"

वर बघते तर कठड्यावरून एक बाई वाकलेली. डोक्यावर कुठल्यातरी कंपनीची टोपी, अंगात पुरुषी शर्ट, हातात बादली.

"आईनं सांगितलं," मी म्हणाले.

"आई कुठे असते?"

"सांगलीला."

"मग सांगलीला पेर."

आणि पाचच मिनिटांत बाई बादलीसकट आमच्या दारात. या म्हणायच्या आत बाल्कनीत पोचल्या, कुंडीत बोट खुपसलं, बाहेर काढून त्याचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. जाता जाता स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, तर त्याच्यावरही डाफरल्या. "ह्याच्यावर मृग लिहिलंय म्हणून इथे पेरायचं? हे दादरला छापलंय! इथला जून म्हणजे सुट्टी. ऑक्टोबरात ये माझ्याकडे." मेथी उगवली आणि दोन दिवसांत आडवी झाली. मला तिच्यापेक्षा त्या बाईचा जास्त राग आला.

त्यांच्या बादलीत एसीचं पाणी असायचं. बिल्डिंगमधल्या जवळजवळ प्रत्येक एसीच्या नळीखाली त्यांनी तेलाचे रिकामे डबे टांगले होते, आणि ते भरले की लोकांच्या बेल वाजवून रिकामे करून न्यायच्या. टँकरच्या पाण्यात क्षार फार, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. एसीचं पाणी तेवढं चांगलं, हे त्या प्रत्येक घरी दारातच उभ्या राहून समजावायच्या. कुणाला समजून घ्यायचं नसलं तरी. पाहुणे जेवायला बसलेत, मूल झोपलंय, घरात भांडण चाललंय, काहीही असो. राऊत साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, रुसैलच्या एका पाइपांच्या कारखान्यात मॅनेजर होते. शांत माणूस. ते आम्हाला म्हणायचे, "आमच्या गाडीत यायचं असेल तर नाक घरी ठेवून या." कारण गाडीच्या डिकीत कायम शेळ्यांच्या लेंड्यांचं पोतं.

बाई मूळच्या पालघरकडच्या, केळव्याच्या. वडिलांची पानवेलीची वाडी होती. हे मला त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीत सांगितलं, आणि पुढे कुठलंही वाक्य "आमच्या वाडीत" असं सुरू झालं की आम्ही मैत्रिणी एकमेकींकडे बघायचो. पानवेल म्हणे फार मानी. ऊन लागलं की रुसते, पाणी जास्त झालं की कुजते, आणि बाईमाणसाचा आवाज चढला तरी तिला चालत नाही. "मग तुमच्या वाडीत पानं यायची कशी?" असं मी एकदा विचारलं. हसल्या नाहीत. त्या विषयावर त्यांना विनोद चालत नसे.

तर ह्या बाईंच्या डोक्यात एकच होतं. आपली मराठी माणसं इथे येतात, दहा-वीस वर्षं राहतात आणि शेवटपर्यंत पाहुण्यासारखी राहतात. इथली माती हातात घेत नाहीत. भाजी विमानानं आलेली खातात आणि मुलांना इंग्रजीतून तिची नावं शिकवतात. ह्याला उपाय म्हणजे शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सगळ्यांनी एकत्र येऊन भाजी लावायला शिकायचं. फुकट. फक्त जमीन पाहिजे.

जमीन त्यांना मिळाली ती लेंड्यांमुळेच. बौशरहून डोंगर चढून पलीकडे उतरलं की अमेरात. तिथे अबू सालेम नावाचे एक वयस्क ओमानी गृहस्थ राहायचे. त्यांच्याकडे शेळ्या होत्या. हेमाताई पोतं घेऊन त्यांच्या फाटकात उभ्या राहिल्या. अबू सालेम जुन्या मस्कतचे, बोलण्यापुरतं हिंदी येणारे. त्यांनी विचारलं, "मदाम, ये तुम किसको खिलाता?" मग हेमाताईंनी त्यांना सगळं सांगितलं, केळव्यापासून. म्हातारा ऐकत बसला. घरामागे त्यांची मोठी मोकळी जागा होती, एका कोपऱ्यात लिंबाचं जुनं झाड, बाकी नुसते दगडगोटे. ती त्यांनी बाईंना वापरायला दिली. भाडं नाही, कागद नाही. एकच अट.

"तुम इंडिया का लोग गर्मी में सब भागता," ते म्हणाले. "हम इधर रहता. हमारा खिडकी से सूखा बाग नहीं दिखना. सूखा दिखा, खलास."

दुसरं कुणी असतं तर इन्शाल्ला म्हणून मोकळं झालं असतं. हेमाताई म्हणाल्या, "पक्का."

ती जागा त्यांनी कशी तयार केली ते मी बघितलंय, आणि खरंच सांगते, बघूनच मला दम लागायचा. पहार मारली की ठिणगी उडायची अशी जमीन. अमेरातला खेडच्या निजामभाईंचं भाजीचं दुकान होतं. ते संध्याकाळी सडका पाला बाजूला काढून ठेवायचे आणि फोन करायचे, "ताई, आज कोबीचा पाला भरपूर हाय, गाडी घेऊन या नायतर मी शेळ्यांना घालतो." तो पाला, लेंड्या, खजुराच्या वाळक्या झावळ्या असं सगळं थरावर थर घालून त्यांनी माती शब्दशः शिजवली. एका हिवाळ्यात गुडघाभर काळी, भुसभुशीत माती. अबू सालेमचे शेजारी येऊन बघून जायचे.

मग आमचं मस्कतचं मराठी मंडळ मध्ये पडलं. मंडळ म्हणजे प्रसाद. प्रसाद आमचा सांस्कृतिक चिटणीस, अमेरातलाच एका बांधकामावर साइट इंजिनिअर, मनानं चांगला मुलगा, पण त्याला कुठल्याही गोष्टीचा कार्यक्रम केल्याशिवाय चैन पडत नसे. त्यानं शुक्रवारच्या वर्गाचं उद्घाटन ठरवलं. फीत, समई, बॅनर, आणि रोप लावायला कोणीतरी मोठ्या हुद्द्याचे पाहुणे. पाहुण्यांनी टोमॅटोचं रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पाहुणे हात पुसताहेत तोच हेमाताई पुढे झाल्या, ते रोप मानेला धरून उपटलं आणि सगळ्यांसमोर उंच धरलं. मुळांवर नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी तशीच.

"पिशवीत जन्म काढेल का हे?" त्या म्हणाल्या.

पाहुणे लाल झाले. प्रसाद पांढरा पडला. बाईंनी पिशवी फाडली, रोप स्वतः लावलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आता काढा फोटो." पाहुणे चहा न घेता गेले. तेव्हा मला त्यांचा पहिल्यांदा अभिमान वाटला, पण घरी येताना म्हटलं, अहो, हळूच सांगता आलं असतं की! तर म्हणाल्या, "हळू सांगितलेलं कुणाला ऐकू येतं?"

वर्ग चालला. कसा चालला ते विचारू नका. ऑक्टोबरात खणायचं असायचं तेव्हा चार टाळकी. डिसेंबर-जानेवारीत टोमॅटो लाल झाले, वांगी लटकली, की फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्या! बायका ठेवणीतल्या साड्या नेसून वाफ्यात उभ्या राहून फोटो काढायच्या. पुरुष फ्लॉवरचा गड्डा डोक्यावर धरून. एका छोट्या मुलीनं विचारलं, "आँटी, टोमॅटो पॅकेटमध्ये कधी जातो?" तिची आई खूप हसली. हेमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागानं की कशानं मला सांगता येणार नाही.

पाणी तर कुणाला घालताच यायचं नाही. दिसला वाफा की ओत. "झाड आहे ते, म्हैस नाही!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की आमच्या घरात ते जेवणाच्या ताटावरही वापरलं जायचं.

पण एक गोष्ट मी तेव्हाही बोलत होते आणि आजही बोलते. त्यांना शिकवता येत नव्हतं. करता सगळं यायचं, पण दुसऱ्याला चुकू द्यायचा धीर नव्हता. तुम्ही खुरपं हातात घेतलं, जरा वाकडं चालवलं, की "असं नाही, दे इकडे!" आणि खुरपं त्यांच्या हातात. मग त्या झपाझप अख्खा वाफा करून टाकायच्या आणि आम्ही बघत उभे. मी एकदा तोंडावर म्हटलं, "हेमाताई, एकदा आम्हाला पूर्ण चुकू द्या." म्हणाल्या, "तुमच्या चुकीत माझं रोप मरतं त्याचं काय?" झालं! मी खुरपं त्यांच्या हातात देऊन टाकलं.

उन्हाळा हा खरा प्रश्न होता. मे संपला की शाळांना सुट्ट्या लागतात आणि मस्कतमधली आपली बायकापोरं विमानं भरभरून गावी जातात ती दोन महिन्यांनी उगवतात. हेमाताई उन्हाळेच्या उन्हाळे गेल्याच नाहीत. अबू सालेमना शब्द दिला होता ना! भेंडी, चवळी, रताळ्याचे वेल, शेवगा, कढीपत्ता, हिरवी जाळी बांधून सावलीत ठेवलेला अळू, एवढं त्या जगवायच्या. पहाटे उजाडायच्या आत एकदा आणि सूर्य बुडाल्यावर एकदा. सख्ख्या भाचीचं लग्न मे महिन्यात होतं तेही चुकवलं. बहिणीनं वर्षभर बोलणं टाकलं.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. आई ऐंशीच्या पुढची, आणि ती म्हणाली, हेमा आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. जाणं भाग होतं. हेमाताईंनी सगळ्या वर्गाला बोलावलं. बायका सगळ्या गावी चाललेल्या. मागे राहणारे म्हणजे त्यांचे नवरे, दोन महिने भात-आमटी आणि अंडी खाऊन राहणारे. त्यांनीच पाळ्या लावून घेतल्या. प्रसादनं पुढाकार घेतला. "वहिनी, तुम्ही बिनधास्त जा. यल्ला, आम्ही आहोत ना!"

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना वाडीत उभं केलं आणि एकच गोष्ट परत परत सांगितली. पाण्याची टाकी जमिनीखाली होती, त्यामुळे टाकीतलं पाणी बरं असायचं. पण टाकीपासून वाफ्यांपर्यंतचा काळा पाइप दिवसभर उन्हात पडलेला. त्याच्यात अडकलेलं पाणी उकळतं असतं. ते आधी बाहेर सोडून द्यायचं. धारेखाली हात धरायचा. हाताला सोसलं तरच झाडाला. "घड्याळ बघू नका, मला फोन करू नका. हात लावून बघा." प्रत्येकाला हात लावायला लावला. प्रसादनं त्याचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला.

मी तोवर एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागले होते, उन्हाळ्यात रजा नाही, म्हणून मी मस्कतलाच. ग्रुपवर रोज फोटो यायचे. पाइप, धार, ओला वाफा, खाली प्रसादचा अंगठा. खाडा एक दिवस नाही! मलासुद्धा वाटलं, चला, सुधारली मंडळी. मग एका सकाळी केळव्याहून फोन.

"वैशाली, कालचा फोटो बघितलास?"

"बघितला. छान आहे की."

"छान काय डोंबल! त्याची सावली बघ. पायाखाली आहे. भर दुपारी पाणी घालतोय तो गाढव! मी केव्हाची फोन लावतेय, कुणी उचलत नाही. तू जा गं."

माझ्याकडे गाडी नव्हती. चालवता येत नव्हती. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी नेमानं नापास होत होते. टॅक्सी करून त्याच दुपारी पोचले. प्रसाद हेल्मेट घालून घामाघूम होऊन पाणी घालत होता. शेवग्याची पानं गळालेली, चवळी तपकिरी, रताळ्याचे वेल शिजलेल्या पालेभाजीसारखे जमिनीला चिकटलेले. मी धारेला हात लावला आणि ओरडले. हात भाजला!

"अरे, ही काय वेळ आहे?"

"वहिनी, दुपारचीच वेळ मिळते ना," तो बिचारा म्हणाला. "उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. साडेबारा ते साडेतीन साइट बंद. तेवढ्यात येऊन जातो. सगळे तसेच येतात."

घ्या! माणसांनी ह्या उन्हात उभं राहू नये म्हणून सरकारनं सुट्टी द्यायची, आणि त्या सुट्टीत ह्यांनी येऊन झाडांना उकळतं पाणी पाजायचं. मी विचारलं, पाइपातलं पाणी आधी सोडून का देत नाही? तर म्हणे, "टँकरचं पाणी एवढं महाग, हेमावहिनी एक थेंब वाया घालवू देत नाहीत. फेकायचं कसं?"

"घरी आंघोळीला नळाचं पाणी घेतोस का रे डोक्यावर?"

"छे हो, गच्चीवरच्या टाकीत तापून ते तर चटका देतं. गीझर बंद ठेवतो आणि त्यात घरातल्या गारव्यात निवलेलं घेतो. सगळेच घेतात."

"मग झाडांची कातडी काय जाड असते?"

तो पाइपाकडे बघत राहिला. त्याला खरंच वाईट वाटलं, ते मला दिसलं, आणि त्यामुळे मला आणखी संताप आला. आळशीपणा केला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. ह्यांनी तर एक दिवस न चुकता, उन्हातान्हात, जेवण सोडून बाग मारली होती.

हेमाताई आईच्या डोळ्यावरची पट्टी निघायच्या आत परत आल्या. विमानतळावरून, वाटेत मला उचलून, थेट अमेरात. चांगल्या साडीत त्या वाफ्यांमधून फिरल्या, प्रत्येक खोडावर नख ओढून आत हिरवं आहे का बघितलं, आणि मग ग्रुपवर असा काही व्हॉइस मेसेज टाकला की लोकांनी तो मुलांना दूर पाठवून ऐकला. लिंबाचं झाड तेवढं शाबूत होतं. आणि खिडकीत अबू सालेम.

त्यांनी आम्हाला आत बोलावलं. कहवा दिला, खजूर पुढे केले. अतिशय सभ्य माणूस. हेमाताई एकसारख्या बोलत होत्या, मुळं जिवंत आहेत, माती तर जिवंतच आहे, ऑक्टोबरात सगळं परत येईल. म्हातारा ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "मदाम, तुम रहता तो बाग रहता. तुम गया, बाग गया. बाकी सब लोग फोटो." त्यांच्या धाकट्या मुलाला तिथे खोल्या बांधायच्या होत्या, तो किती दिवस मागे लागला होता आणि ह्यांनी थोपवून धरलं होतं. तरीही म्हणाले, एक माणूस आणा. एकच. जो उन्हाळ्यातही येईल, जो हे सगळं सांभाळीन म्हणेल. आणलात तर खोल्या दुसरीकडे बांधू. नाहीतर सप्टेंबर संपला की खलास.

हेमाताई गाडीत बसल्या तरी चावी फिरवेनात. मग म्हणाल्या, "वैशाली, इतकी वर्षं मी शिकवत होते, की नुसती एकटीच शेती करत होते गं?"

मला उत्तर माहीत होतं. मी सीटबेल्ट लावत राहिले.

त्यातच तेलाचे भाव कोसळले होते आणि कंपन्या माणसं घरी पाठवत होत्या. राऊत साहेबांचाही नंबर लागला. सप्टेंबरअखेर मस्कत सोडायचं. म्हणजे आता हेमाताई स्वतःही तो एक माणूस होऊ शकत नव्हत्या. त्यांनी ग्रुपवर विचारलं. घरोघरी जाऊन विचारलं. पुण्याच्या एका बाईंनी विचार करून सांगते म्हटलं, त्या अजून विचारच करताहेत. मला विचारलं. मी म्हटलं, रोज टॅक्सीनं डोंगर ओलांडून जाणं मला कसं जमणार? "खरंय," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. ग्रुपवर तेवढे हात जोडलेले, रडणारे चेहरे आणि हृदयं. आणि शेवटी प्रसादचा मेसेज. आपण वाडीतच हेमावहिनींचा जाहीर सत्कार करू या.

सत्काराला गर्दी काय झाली म्हणता! जूनमध्ये कुठे होती इतकी माणसं, असं मी अगदी मोठ्यानं विचारलं आणि नवऱ्यानं कोपर मारलं. सप्टेंबरातला शुक्रवार, अकराचं ऊन. वाळलेल्या वाफ्यांवर कनात, खुर्च्या, मागे बॅनर, बॅनरवर नेटवरून घेतलेलं हिरवंगार शेत, कुठल्यातरी थंड देशातलं. हेमाताईंना मधोमध बसवलं. शाल पांघरली. त्या उन्हात शाल! हातात नारळ, फुलांचा गुच्छ. भाषणं झाली. प्रत्येकानं हेच सांगितलं, की वहिनींनी आम्हाला खूप शिकवलं. मग प्रसादनं जाहीर केलं, की त्यांची आठवण म्हणून आता कढीपत्त्याचं रोप लावू या.

तिथे दोन आठवड्यांत खोल्यांचा पाया खणणार होते. तिथल्या झाडून सगळ्यांना ते माहीत होतं. तरी रोप लावलं. कपाळ माझं!

पिशवी मात्र काढली ह्या वेळी. मग प्रसाद लिंबापाशी गेला, तिथे पडलेला काळा पाइप उचलून आणला आणि रोपाच्या मुळाशी धरला. धार चालू. डोक्यावर ऊन. मी हेमाताईंकडे बघितलं. आता उठतील, आता ओरडतील, आता त्याच्या हातातून पाइप हिसकावतील. त्या बसूनच होत्या.

"हेमाताई, बघताय ना?"

"बघतेय."

"अहो, ऊन बघा!"

"घालू दे गं."

मला ते सहन होईना. सगळ्या भाषणांपेक्षा त्यांचं ते गप्प बसणं मला जास्त लागलं. मी तरातरा गेले आणि नळ बंद केला. "अरे शहाण्या, भर उन्हात पाइपाचं पाणी? सांगून सांगून तोंड दुखलं त्यांचं!" सगळी कनात वळून बघायला लागली. प्रसादचा चेहरा पडला. आणि मी, खरं सांगते, अशी ताठ उभी राहिले होते, की घ्या हेमाताई, एक तरी शिकली तुमची!

त्या उठल्या. नारळ खुर्चीवर ठेवला आणि शाल न काढताच माझ्यापाशी आल्या.

"हात लावून बघितलंस?"

मी माझ्या कोरड्या हाताकडे बघितलं.

"सकाळी आल्या आल्या मीच लिंबाच्या आळ्यात सोडला होता पाइप. दोन तास वाहतोय तो. गार आहे पाणी."

आवाज चढला नव्हता. मी चुकले म्हणून त्या चिडल्यासुद्धा नव्हत्या. त्यांनी नळ परत सोडला, धार बारीक केली, आणि पाइप प्रसादच्याच हातात राहू दिला. मग त्या रोपाशी उकिडव्या बसल्या. शालीचं टोक चिखलात गेलं तिकडे लक्ष नव्हतं. एक हात त्यांनी धारेखाली धरला, दुसऱ्यानं आळ्याची कड दाबून नीट केली, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. कनातीतली माणसं जेवायच्या पाकिटांकडे वळली. राऊत साहेब फाटकाशी गाडी घेऊन थांबले होते. आळं काठोकाठ भरेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.